अण्णांना विचारायचं राहिलं

अण्णांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक तर अंडकोष काढण्याचं लहानसं ऑपरेशन, नाहीतर दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. डॉक्टर अण्णांशी बोलत होते, पण उत्तर मी दिलं. "ऑपरेशन नको, इंजेक्शनच द्या." अण्णा शेजारच्याच खुर्चीत होते. मी त्यांच्याकडे वळून पाहिलंही नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उपचार नव्हताच. भावकीत कळलं तर काय, आई काय म्हणेल, बापाचं असलं ऑपरेशन केलं म्हणून लोक मला काय म्हणतील, हे सगळं होतं. लाज मला वाटत होती आणि ती मी अण्णांच्या नावावर टाकली.

या आजाराला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं खतपाणी लागतं. ते तोडलं की आजार दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिलं आणि 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ऑपरेशन आणि इंजेक्शन दोन्ही हेच काम करतात. अंगातून वाफा निघणं, स्नायू उतरणं, हाडं ठिसूळ होणं हा त्रास दोन्हींत सारखाच. फरक एवढाच की इंजेक्शन थांबवलं तर हार्मोन पुन्हा वाढू शकतो आणि ऑपरेशन एकदाच करावं लागतं, खर्चही कमी. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं होतं. मी 'काढून टाकायचं' एवढंच ऐकलं, पुढचं कानात शिरलंच नाही.

दुसरी चूक त्याच दिवशी झाली. आजार कंबरेच्या मणक्यात आणि बरगड्यांत पसरला होता, म्हणून सुरुवातीपासूनच जोडीला किमो किंवा अबिरॅटेरॉनच्या गोळ्या द्याव्यात, असं डॉक्टरांचं मत होतं. त्याला आधार होता. हार्मोनच्या उपचाराला सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल या किमोची जोड दिली तर आयुष्याचा मध्यक 44 महिन्यांवरून 57.6 महिन्यांवर जातो, असं एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं होतं. ती 2015 मध्येच छापून आली होती. अबिरॅटेरॉनचा तसाच फायदा 2017 मध्ये सिद्ध झाला. यातलं काही मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. किमो म्हटल्यावर मला शेवटच्या दिवसांतली आत्या आठवली आणि मी मान हलवली. गोळ्यांचंही 'पुढे बघू' म्हणून टाळलं. नंतर मेहुण्याला विचारलं, ऑफिसातल्या मित्राच्या डॉक्टर भावाला विचारलं, एका वैद्यांनाही विचारलं. अण्णांना सांगितलं, "गाठ आहे, इंजेक्शनाने विरघळेल."

ते इंजेक्शन थंड ठेवावं लागायचं. मी पुण्याहून बर्फाच्या डब्यातून ते कराडला न्यायचो आणि तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून देववायचो. रक्तातला पीएसए, म्हणजे या आजाराची खूण, झपाट्याने उतरला, घरात हायसं वाटलं आणि तारखांकडे आपोआप दुर्लक्ष होत गेलं. ऊसतोडीची टोळी आली म्हणून एकदा तारीख पुढे गेली, नंतर माझ्या ऑफिसच्या कामामुळे पुन्हा. अण्णा स्वतःहून आठवण करत नव्हते, कारण आपल्याला नेमकं काय झालंय आणि इंजेक्शन कशासाठी आहे हे मी त्यांना कधी नीट सांगितलेलंच नव्हतं. मग पीएसए वर जायला लागला. औषध हरलं असं मी धरून चाललो, महागड्या स्कॅनची चौकशी सुरू केली आणि फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "टेस्टोस्टेरॉन किती आहे?" तो कधी तपासलाच नव्हता. या उपचारात तो 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली राहायला हवा. तो तसा आहे हे बघितल्याशिवाय औषध निकामी झालं असं म्हणताच येत नाही. अण्णांचा त्याच्या बराच वर होता. औषध हरलं नव्हतं. ते वेळेवर पोचतच नव्हतं.

मग त्या डॉक्टरांनी खुर्ची अण्णांकडे वळवली आणि आजाराचं नाव घेऊन दोन्ही वाटा पुन्हा पहिल्यापासून समजावल्या. अण्णा शांतपणे ऐकत होते. नंतर म्हणाले, "डॉक्टर, जन्मभर बैलं खच्ची करून घेतली मी. मला ह्यातलं कळत न्हाई व्हय? फकस्त रानात चालायची ताकद ऱ्हाती का, तेवढं सांगा." डॉक्टर म्हणाले, ताकद थोडी उतरेल, पण ती इंजेक्शनानेही उतरतेच. रोज चाला, थोडं वजन उचलत राहा. "मग काढून टाका," अण्णा म्हणाले. "ह्या वाऱ्या आन् बर्फाचं डबं नकोत." मी जी गोष्ट तोंडातून काढू शकलो नव्हतो, ती त्यांनी पावसापाण्याचं बोलावं तशी बोलून टाकली.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. अबिरॅटेरॉनही सुरू झालं. त्याच्या चार गोळ्या अनशापोटी घ्यायच्या, नंतर तासभर काही खायचं नाही आणि प्रेडनिसोलोन मात्र खाल्ल्यावर. आईने दोन वेगळे डबे केले. तांबडं फुटताना पितळेच्या डब्यातल्या गोळ्या, मग धारा काढून आल्यावर भाकरी आणि स्टीलच्या डब्यातली गोळी. तिची वेळ कधी चुकली नाही. तिलाही आजाराचं नाव तेव्हाच कळलं होतं.

घरी आल्यावर मी अण्णांजवळ सगळं बोललो. आधी का विचारलं नाही, काय लपवलं, सगळंच. ते म्हणाले, "दवाखान्याच्या पाटीवर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई का? तू लई घाबरला हुतास. तुला आणखी कशाला घाबरवायचं, म्हणून गप बसलो."

पुढे गोळ्यांचा असर ओसरला आणि डॉक्टरांनी किमोचा विषय काढला. या वेळी मी खोलीच्या बाहेर थांबलो. अण्णा बाहेर आले ते किमो घ्यायचं ठरवूनच. ज्या उपचाराला मी त्यांच्या वतीने परस्पर नकार दिला होता, तो त्यांनी स्वतः मागून घेतला. दर तीन आठवड्यांनी आम्ही जात राहिलो. एक दिवस ते म्हणाले, "आता झेपत न्हाई, बास." तेही आम्ही मान्य केलं. किमो सुरुवातीलाच दिली असती तर अण्णा आणखी किती जगले असते, हे मी डॉक्टरांना विचारलं आहे. एकट्या माणसाबाबत ते कुणालाच सांगता येत नाही, असं ते म्हणतात.