देवमासे गेले की खेकडे येतात

सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १ ने दक्षिणेला निघालं, की समुद्र उजव्या हाताला सोबत येतो. डोंगर पोखरून काढलेला बोगदा लागतो, मग शेतं लागतात आणि साधारण ४० किलोमीटरवर एका टेकाडाच्या आडोशाला बंदर दिसतं. हे पिलर पॉइंट हार्बर, हाफ मून बे गावाचं बंदर. टेकाडापलीकडच्या समुद्रात मॅव्हरिक्स नावाची जागा आहे. हिवाळ्यात तिथे कधीकधी १५ मीटरहून उंच लाटा उठतात आणि जगभरातले सर्फर त्यांच्यावर स्वार व्हायला येतात. आसपासच्या शहरांतली माणसं मात्र याच दिवसांत इथे येतात ती खेकड्यांसाठी.

माझी लेक फ्रीमॉन्टला राहते. जानेवारीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा जावई म्हणाले, "आई, या रविवारी खेकडे आणू. पण कालवण नको, इथल्यासारखे नुसते उकडू." मी रत्नागिरीची. खेकडा म्हटलं की भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, बारीक पाय वाटून गाळलेला रस, सोलं, हे सगळं आलंच. नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला खेकडा हे माझ्या लेखी आजाऱ्याचं जेवण होतं. तरी म्हटलं, बघू तर खरं.

धक्क्यावरची खरेदी

पिलर पॉइंटला मासळीबाजार असा वेगळा नाही. होड्या धक्क्याला लागतात, मालक फळ्यावर भाव लिहितो आणि गिऱ्हाईक थेट होडीपाशी जाऊन माल घेतं. टाकीत खळखळत्या समुद्राच्या पाण्यात खेकडे एकमेकांवर चढत असतात. रोख पैसे आणि बर्फाची पेटी सोबत असलेली बरी.

या खेकड्याचं नाव डंजनेस. वॉशिंग्टन राज्यातल्या डंजनेस नावाच्या ठिकाणावरून ते पडलं. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या थंड पाण्यात तो सापडतो. आपल्या खाडीतल्या हिरवट-काळ्या चिंबोरीपेक्षा पाठ रुंद, रंग जांभळट तपकिरी आणि डेंगे जरा किरकोळ. वजन सहज ८००-९०० ग्रॅम.

होडीवरच्या माणसाने एक खेकडा उलटा करून नातीला दाखवला. पोटाशी दुमडलेली पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. आपल्याकडेही हीच खूण. फरक इतकाच, की इथे धंद्यासाठी मादी पकडायलाच बंदी आहे. नरसुद्धा पाठीवर सव्वासहा इंच, म्हणजे जवळपास १६ सेंटिमीटर रुंद भरला तरच ठेवायचा, नाहीतर परत पाण्यात. इतका वाढलेला नर त्याआधी एखाद-दोन हंगाम माद्यांशी जुगलेला असतो, म्हणजे पुढच्या पिढीची सोय झालेली असते. होडीवर मोजपट्टी टांगलेलीच होती.

हंगाम कशासाठी थांबतो

परंपरेने इथला व्यावसायिक हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी टर्कीसोबत खेकडाही लागतो. पण अलीकडे बऱ्याच वर्षी नोव्हेंबर कोरडाच जातो. याचं कारण देवमासे.

खेकड्याचा सापळा समुद्रतळाशी असतो आणि त्याची दोरी वर तरंगत्या बोयापर्यंत येते. अशा हजारो उभ्या दोऱ्या पाण्यात असतात. त्याच पाण्यात हंपबॅक देवमासे खायला आलेले असतात. दोरी परांभोवती किंवा शेपटीला गुंडाळली गेली, की तो प्रचंड जीव सापळा ओढत फिरतो, जखमी होतो, कधी मरतो. म्हणून देवमासे हिवाळ्यात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या उबदार पाण्याकडे निघून जाईपर्यंत सरकार हंगाम पुढे ढकलतं. वसंतात ते परतू लागले, की हंगाम लवकर मिटतो. वर दोरी न ठेवता, गरज पडेल तेव्हाच बोया वर सोडणाऱ्या सापळ्यांचे प्रयोगही सुरू आहेत.

"यंदाही जानेवारीच उजाडला," होडीवाला म्हणाला. "हप्ते थांबत नाहीत. पण देवमासा अडकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मला आपले कोळी आठवले. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून लोक पुन्हा दर्यावर जातात. समुद्रावर पोट असणाऱ्याला थांबणं चुकत नाही. ते सोपं मात्र कुठेच नसतं.

दुसरं कारण आणखी सूक्ष्म आहे. २०१५ मध्ये या किनाऱ्यावरचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं आणि एक सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढलं. त्यातून डोमोइक आम्ल नावाचं विष खेकड्यांत उतरलं. या विषाने उलट्या, चक्कर आणि गंभीर प्रकरणात स्मृतिभ्रंशही होतो. शिजवून किंवा गोठवून ते जात नाही. त्या वर्षीचा नोव्हेंबरचा हंगाम इथे थेट मार्च २०१६ च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हापासून खेकडे घेण्याआधी लोक आरोग्य खात्याची सूचना बघतात. इशारा असेल तर पोटातला पिवळा ऐवज आणि उकडलेलं पाणी दोन्ही टाकून द्यायचं, कारण विष मुख्यतः तिथेच असतं. आम्हीही निघण्याआधी पाहिलं होतं. इशारा नव्हता.

उकळत्या पाण्यासमोर

घरी येईपर्यंत खेकडे ओल्या वर्तमानपत्रात, बर्फाच्या पेटीत, झाकण किंचित उघडं ठेवून. नळाच्या गोड्या पाण्यात समुद्री खेकडा टाकू नये, तो मरतो. आणि मेलेला खेकडा उकडायचा नाही, कारण त्यात जंतू फार झपाट्याने वाढतात.

मोठ्या पातेल्यात आठ लिटर पाणी चढवलं. मीठ लिटरला दोन मोठे चमचे, म्हणजे चवीला समुद्राइतकं खारट. दोन्ही खेकडे ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवले. थंडीने त्यांची हालचाल मंदावते.

आठ वर्षांची नात ओट्याशी उभी होती. तिने विचारलं, "आजी, त्याला दुखेल का गं?"

आमच्या घरी खेकडे मागीलदारी मोडले जायचे. मुलांपर्यंत यायचं ते फक्त कालवण. हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. पण आता त्याला उत्तर आहे. स्वित्झर्लंडने २०१८ पासून जिवंत लॉबस्टर आधी बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकड्यांना संवेदना असणारे प्राणी मानलं.

"दुखत असणार," मी म्हटलं. "म्हणून आधी गार करायचं, पाणी चांगलं खळखळू द्यायचं आणि उगाच वेळ लावायचा नाही."

जावयांनी मागच्या बाजूने धरून एकेक खेकडा सोडला आणि झाकण ठेवलं. पाण्याला परत उकळी आल्यापासून १८ मिनिटं. झाकण काढलं तेव्हा जांभळट कवच लालभडक नारिंगी झालं होतं. तो रंग आधीपासून कवचात असतो. एका प्रथिनाने तो झाकून धरलेला असतो आणि उष्णतेने ते सुटलं की लाली बाहेर येते.

ताटात

बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून खेकडे निथळले. पोटाकडची पट्टी ओढून काढली, पाठीचं कवच उचललं, दोन्ही बाजूंचे पिसांसारखे राखाडी कल्ले टाकून दिले आणि मधोमध मोडून दोन भाग केले. ९०० ग्रॅमच्या खेकड्यातून मांस निघतं साधारण पाव हिस्सा. म्हणजे जेवण घाईचं नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, अडकित्ता घ्यायचा आणि बसायचं.

सोबत फक्त वितळलेलं लोणी आणि लिंबू. पहिला घास मी काहीही न लावता घेतला. गोड, घट्ट, किंचित खारट. वाटणात हा गोडवा मी आयुष्यभर खाल्ला होता, पण तो एकटा कधी भेटला नव्हता. कवचातला पिवळा ऐवज मात्र मी गरम भातावर घेतला, रत्नागिरीच्या सवयीने.

नातीने खेकडा खाल्ला नाही. वरण-भात जेवली. कुणी आग्रह केला नाही.

तुमच्या गावी करायचं असेल तर

कोची, चेन्नई, कोलकाता, मालवण, कुठेही असाल, तरी नियम बदलत नाहीत. खेकडा जिवंतच घ्या, हातात जड लागणारा निवडा. पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी घेऊ नका आणि विक्रेत्याला तसं सांगाही. सुतळीने बांधलेले डेंगे उकडून होईपर्यंत सोडू नका. आधी गार करा, पाणी भरपूर आणि खारट घ्या. अर्ध्या किलोच्या खेकड्याला १२ ते १५ मिनिटं पुरतात.

वाटणात थोडा शिळेपणा झाकला जातो. नुसत्या उकडलेल्या खेकड्यात ताजेपणा, पाणी, पकडणाऱ्याचा हात, सगळं जसंच्या तसं ताटात येतं. पुढच्या खेपेला कालवणच करीन, पण आधी एक डेंगा मिठाच्या पाण्यातला, नुसताच.