पापनाशमचं धान्यकोठार

तंजावरला आलेला मराठी माणूस बृहदीश्वर मंदिर, भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो, की लगेच परतीच्या गाडीचं बघतो. मी मात्र कुंभकोणमकडे जाणारी पॅसेंजर पकडली आणि पापनाशमला उतरले. तिथलं नायककालीन धान्यकोठार पाहायचं होतं.

तिरुप्पालैतुरैच्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात ते उभं आहे. गोल, वीट-चुन्याचं, माथ्याकडे निमुळतं; एखाद्या अवाढव्य कणगीवर टोकदार झाकण घालावं तसं. उंची सुमारे ३६ फूट. तंजावरच्या नायक राजांनी ते १६०० ते १६३४ च्या दरम्यान बांधलं. त्यात ३,००० कलम धान्य मावत असे. कलम हे तमिळ मुलखातलं धान्याचं माप.

भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवली आहेत. भात वरून ओतायचं, रास उतरेल तसं खालच्या दारातून काढायचं. बांधकाम गोल असल्यामुळे धान्य कोपऱ्यात अडकून कुजायची भीती नाही, आणि राशीचा रेटाही भिंतीवर सगळीकडून सारखा पडतो. कावेरीच्या खोऱ्यात भात अमाप पिकतं. ते साठवण्याची ही सोय गवंड्यांनी फार विचाराने केलेली आहे.

तंजावरला परतून शिवगंगा तलावाजवळचं, श्वार्ट्झ या मिशनऱ्याचं चर्च पाहिलं. ते १७७९ चं. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेलं संगमरवरी शिल्प तिथे आहे: अंथरुणाला खिळलेला श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेतलेले तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी. आपल्या या जर्मन गुरूसाठी सरफोजींनीच ते करवून घेतलं. पुढे १८१४ च्या सुमारास, इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ, त्यांनी पट्टुकोट्टईच्या बाजूला समुद्रकाठी आठ मजली षट्कोनी मनोरा उभारला. त्यावरच्या लेखांत मराठीही आहे.

नायक, मराठे आणि इंग्रज यांचा काळ या एका जिल्ह्यात असा शेजारी-शेजारी पाहायला मिळतो. अशा जुन्या बांधकामांची डागडुजी चुन्यानेच व्हायला हवी. सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि वीट झडू लागते.

पापनाशम तंजावरपासून जेमतेम २५ किलोमीटरवर आहे. सहलीत अर्धा दिवस वाढवला, तर कोठार आणि मंदिर दोन्ही निवांत पाहून होतात.