फॉरमॅटच्या आधी

आमच्याकडे कुणाचा लॅपटॉप रखडला की निदान ठरलेलं असतं: व्हायरस. उपायही ठरलेला: फॉरमॅट मारून टाक. बोदवडमध्ये हे उत्तर कुठेही फुकट मिळतं. रेडिओवाले काका मात्र ते सहजासहजी देत नाहीत, आणि मी त्यांची ऋणी आहे ती तिथूनच.

काकांनी उमेदीत रेडिओ दुरुस्त केले. पुढे टीव्ही, मग मोबाईल, मग संगणक. रेडिओ मागे पडले, नाव तेवढं चिकटून राहिलं. हे सगळं शिकलात कुठे, असं कुणी विचारलंच तर ते पुण्याच्या काटकर भावांचं नाव घेतात. कैलास काटकर मूळचे रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करत धंद्यात उतरले. धाकट्या संजयने व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला आणि 1995 मध्ये त्यातून क्विक हील आलं. 2016 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात पोचली. “आन् आपन बोदवडातच राह्यलो,” असं म्हणून काका हसतात. त्या हसण्यात खंत कितपत असते, ते मला अजून उमगलेलं नाही.

माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज. 2023 च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा आणला आणि जुलैत दारात रांग लागली. शेतकऱ्याने भरायचा एक रुपया, सेवा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे चाळीस. मुदत 31 जुलै. एकेका अर्जाला सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र जोडायचं. कपाशीवाल्यांची गर्दी सर्वांत मोठी.

त्याच गर्दीत लॅपटॉप बसला. कळ दाबावी आणि अक्षर उमटायची वाट पाहावी. पंखा घरघरत होता, पालथा हात टेकवला तर चटका बसत होता. आधी वाटलं रेंज नसेल. पण नेट काढलं तरी साधी फाइल उघडेना. रांगेतल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. एका दुकानदाराने तर सांगितलं, तासाभरात फॉरमॅट मारून देतो, दुपारी बसा पुन्हा कामाला. मी लॅपटॉप पिशवीत घातलाही होता.

काका त्या दिवशी स्वतःच्या अर्जासाठी रांगेत होते. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “काय व पोरी, लोकायचे कागद कुठी हायेत?”

कागद सगळे त्याच लॅपटॉपमध्ये होते. दुकानदाराच्या तोंडी विंडोज होतं, माझ्या डोक्यात 31 तारीख होती. रांगेतल्या माणसांची आधार कार्डं आणि पासबुकं त्या डब्यात आहेत, हे एकट्या काकांच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ते बसले. अंगठ्याचं यंत्र काढून बाजूला ठेवलं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा आकडा क्षणभर शंभरावर दिसला आणि झपकन खाली आला. पंखाही हळूहळू शांत झाला. काकांनी टास्क मॅनेजरची खिडकी बंद केली. थोड्या वेळात पंखा पुन्हा घरघरू लागला. पुन्हा उघडली, पुन्हा शांत. मला वाटलं, झालं की बरं. काका म्हणाले, “बरं कायचं? आपन पाहतो तवा गुमान बसते ते.”

त्यांच्याकडे एक एसडी कार्ड होतं, कडेची बारीक कळ लॉककडे सरकवलेली, म्हणजे त्याच्यावर काही लिहिलं जाऊ नये. त्यातल्या एका छोट्या प्रोग्रामने चालू असलेल्या सगळ्या कामांची यादी काढली. यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या पुष्कळ ओळी होत्या. हे विंडोजचंच नाव, त्यात वावगं काही नाही. पण काका एकेका ओळीचा पत्ता बघत गेले. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम 32 फोल्डरात राहतो. एक मात्र माझ्या नावाखालच्या ॲपडेटा फोल्डरात ठाण मांडून होता. टास्क शेड्युलरमध्ये त्याची नोंदही सापडली: लॉगिन झालं की याला उठवा.

तो मायनर होता. दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या विजेवर मोनेरोसारखं आभासी चलन काढणारा प्रोग्राम. 2017 मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा निघाली, तेव्हा नुसतं वेबपान उघडं ठेवलं तरी बघणाऱ्याच्या प्रोसेसरवर ही खोदाई चालायची. ती 2019 मध्ये बंद पडली, पण धंदा थांबला नाही. हा मायनर कागद चोरत नाही, मग एवढं काय, असं मी म्हटलं. काका म्हणाले, चोर दाणे खाऊन गेला म्हणून दार उघडं होतं हे खोटं ठरत नाही.

मग कामाला जुंपले. फक्त पीडीएफ आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले, प्रोग्राम एकही नाही. विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात विंडोज पुरतं उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. केंद्राच्या लॉगिनचा पासवर्ड त्यांनी मला या लॅपटॉपवरून बदलू दिला नाही. मोबाईलवरून बदलायला लावला. कुणाच्या पेनड्राइव्हमधून हे आलं याचा शोध मी घेऊ लागले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

मायनर गेला. लॅपटॉप तरीही रेंगाळत होता, आणि इथे मला काकांचा खरा कस दिसला. व्हायरस सापडल्यावर दुसरं कारण शोधायची बुद्धी कुणाला होते? त्यांनी स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याच्या नळीची जाळी यांच्यामध्ये करडा रुवा गच्च बसला होता. जिनिंगचा हंगाम कधीच सरला होता, पण हिवाळाभर रस्त्याने कापसाच्या गाड्या गेल्या, आणि पंखा तो रुवा आत ओढत राहिला. गरम हवेला वाट नाही म्हणजे प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. त्यावर भुसावळ पट्ट्यातला उन्हाळा! काकांनी चिमट्याने रुव्याची पट्टी अख्खी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ब्रश फिरवला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि तांब्याभर पाण्यात हात धुतले. टंचाईची सवय असलेल्या बोदवडच्या माणसाचे हात तेवढ्यात स्वच्छ होतात.

मी पैसे काढले. ते म्हणाले, “काम कुठी झालं?”

राहिलेलं काम म्हणजे लोकांना सांगणं. माझ्या अंगावर काटा आला. कागद बाहेर गेल्याचा पुरावा नव्हता, आणि गावात एकदा बोभाटा झाला की केंद्रात कोण येणार? काका म्हणाले, “कागद त्यायचे, मंग धास्ती बी त्यायले कळाले पाह्यजे.” वही उघडून आम्ही एकेकाला फोन केले. पासबुक भरून आणा, अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेत जा, एमआधार ॲपमध्ये अंगठा लॉक करून घ्या. आधारवरून पैसे काढायच्या सोयीचा गैरवापर होतो, तो या लॉकने अडतो. एका आजीने विचारलं, लॉक केला तर रेशनला अंगठा चालंल का? तिला लॉक उघडायची रीतही सांगावी लागली. काही जण दुसऱ्या केंद्रावर गेले, ते गेलेच. बाकीचे आले. मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली आणि माझी रांग संपली.

पैसे काकांनी तेव्हाही घेतले नाहीत. दिवाळीत फराळाचा डबा नेला, तर डबा भरून शेव परत आली. पुढे शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी सुरू झाली तेव्हा ते आपल्या दोन बिघ्यांचा सातबारा घेऊन आले. म्हटलं, आता तरी मला करू द्या. त्यांनी नोट काउंटरवर ठेवली, प्रिंटची पावती मागितली, ती चष्मा लावून वाचली आणि सुटे परत मागितले. मग विचारलं, “पंखा कधी साफ केला होता?”