गुरुवारचा पिक्चर

पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून उद्योगांच्या सुट्ट्या वारांवर वाटल्या गेल्या आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. माझे वडील, अण्णा, आकुर्डीला कंपनीत होते. त्यामुळे निगडीच्या यमुनानगरमधल्या आमच्या घरात मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी आणि पिक्चरही गुरुवारीच.

अडचण अशी की गुरुवारी टीव्हीवर पिक्चर नसायचा. मुंबई दूरदर्शन शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवायचं, रविवारी हिंदी. अण्णांची सेकंड शिफ्ट असली की त्या आठवड्यात त्यांचे दोन्ही हुकायचे. शिवाय दूरदर्शनवरचा पिक्चर बहुधा जुना. नवा पाहायचा तर पीसीएमटीच्या बसने पिंपरीला, विशाल टॉकीजला. पाच जणांची तिकिटं, जाण्या-येण्याचं भाडं, मध्यंतरातले वडे. हा खर्च वारंवार झेपणारा नव्हता. झेपला तरी नाईट करून आलेला माणूस अंधारात, पंख्याखाली, पहिल्या गाण्यालाच झोपायचा. नवा सिनेमा घरी कसा येईल, हा प्रश्न आमच्या गल्लीत म्हणूनच होता. तो हौसेचा प्रश्न नव्हता, शिफ्टच्या घड्याळाचा होता.

१९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्या मागोमाग ‘व्हिडिओ आणायचा’ हे शब्द आले. वर्गणी काढायची, बुधवारी व्हिडिओ लायब्ररीत नाव नोंदवायचं. लायब्ररीचा पोरगा एम-८०च्या कॅरियरला व्हीसीआर बांधून आणायचा, चादरीत गुंडाळलेला. वायर जोडून टीव्हीचं बटण फिरवत तो चॅनेल लावायचा. निळा पडदा दिसला की खोलीत एकदम शांतता. कॅसेट आत सरकताना होणारा तो खळ्ळकन् आवाज मला अजून ऐकू येतो. चित्रावर आडव्या रेघा आल्या की ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवायचं. तरीही मुंग्या गेल्या नाहीत तर झाकण उघडून, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने हेड पुसायचं. हे काम अण्णाच करायचे. दिवसभर मशीनवर असलेल्या हातांना ते जमायचं. नायिका रडत असताना खालून साबणाची आणि साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत जायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आई पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची आणि पिक्चर कोणता आणायचा हे बहुतेक वेळा तीच ठरवायची. परत देताना कॅसेट रिवाइंड केलेली हवी, नाहीतर वर पैसे पडायचे.

यातल्या कितीतरी कॅसेट चोरीच्या असणार. थेटरात नुकताच लागलेला पिक्चर आठवडाभरात लायब्ररीच्या फळीवर सरळ वाटेने येत नव्हता. पण सरळ वाट होती कुठे? आमच्या घड्याळाला जुळेल अशी वेळ आणि परवडेल असं भाडं कुणी देऊ केलं असतं, तर त्या गल्लीने आनंदाने दिलं असतं. वर्गणी तर आम्ही काढतच होतो. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला तेव्हा राजश्रीने त्याची कॅसेट बाजारात येऊच दिली नाही. बायका लायब्ररीवाल्याला विचारून थकल्या. शेवटी अण्णांनी रजा टाकली आणि आम्ही सगळे पुण्याला जाऊन तो पाहून आलो. काही सिनेमांसाठी असं उठून गेलंच पाहिजे, हे मी तेव्हापासून मानतो.

केबल आमच्या घरी आली नाही. आधी ताईची दहावी, मग माझी, मग धाकट्याची. दहावी संपेपर्यंत नको असं म्हणता म्हणता ती राहूनच गेली. शेजारचा केबलवाला रात्री नवा पिक्चर लावायचा, तेव्हा भिंतीपलीकडून संवाद ऐकू यायचे. केबलऐवजी आमच्याकडे सीडी प्लेअर आला. एका पिक्चरच्या दोन-तीन व्हीसीडी असायच्या आणि ऐन मारामारीत उठून दुसरी चढवावी लागायची. मोझर बेअरने २८ रुपयांत अस्सल व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा मी पगाराच्या दिवशी मूठभर घेऊन यायचो. चोरीच्या सीडीइतक्याच पैशात खरी, नीट छापलेल्या वेष्टणातली! मला त्या गोष्टीचं फार मोल वाटतं. चोरी मोडायचा तो मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. छापे घालून जे होत नव्हतं ते किंमत उतरवल्याने थोडंतरी झालं.

पुढे गावाकडच्या घरासाठी आम्ही दूरदर्शनची फुकट डिश घेतली. एकदाच पैसे भरायचे, महिन्याचं काही नाही. २०१६मध्ये जिओ आला, डेटा स्वस्त झाला आणि पिक्चर फोनवर आला. कंपनीच्या बसमध्ये चाकणला जाता-येता पोरं अर्धा-अर्धा सिनेमा पाहू लागली. त्याच साली ‘सैराट’ची चोरटी प्रतही फोनाफोनी फिरली. ज्या सिनेमाने मराठी माणसाला झुंडीने थेटरात नेलं, त्याच्याच वाट्याला हे यावं, याचा मला आजही राग येतो.

टाळेबंदीत थेटरं बंद पडली आणि नव्या चित्रपटांनी थेट घरचा रस्ता धरला. जून २०२०मध्ये ‘गुलाबो सिताबो’ आला. पुढच्या वर्षी चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवलेला मराठी सिनेमा, जगाबरोबर एकाच दिवशी, निगडीत. अण्णा तो शेवटपर्यंत पाहत बसले, आणि रियाज करणाऱ्याला यश मिळालंच पाहिजे असं नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

आता वर्गण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, फक्त त्या दर महिन्याच्या आणि चार ठिकाणच्या. हिंदी सिनेमा मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये लागला की साधारण आठ आठवड्यांनी घरी येतो. अण्णा कॅलेंडरवर मोजतात. मला मात्र वेगळी गोष्ट भावली. २०२५च्या ऑगस्टमध्ये आमिर खानने ‘सितारे जमीन पर’ यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने ठेवला. सभासद व्हायला नको, करार नको. एक पिक्चर, एक भाडं. सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवायचा, म्हणजे सेकंड शिफ्टवाल्यालाही दोन रात्री मिळतात. आम्ही तो गुरुवारी पाहिला, आई-अण्णा, आम्ही आणि वरच्या मजल्यावरच्या काकू.

मराठी सिनेमाचं दुखणं राहतंच. चांगला चित्रपट येतो, दुपारचा एखादाच खेळ मिळतो आणि माझा गुरुवार उजाडेपर्यंत तो उतरलेला असतो. मग तो कुठे मिळेल याचा शोध सुरू. झी५वर पाहा, २०२३मध्ये आलेल्या अल्ट्रा झकासवर पाहा, प्राइमवर भाड्याने आहे का पाहा. पुष्कळदा कुठेच नसतो. निर्मात्यांना माझं मनापासून सांगणं आहे की पोस्टरवर प्रदर्शनाच्या तारखेखाली घरी कधी आणि कितीला मिळेल तेही छापा. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक चाकण आणि भोसरीत शिफ्ट करतात. त्यांच्याकडे शंभर रुपये आहेत. दुपारी साडेबाराची वेळ नाही.