कोॲक्सला हात लागला आणि आकडा हलला

अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणारा आकडा, म्हणजे एसडब्ल्यूआर, १.१ आला की अँटेना जमला, असं हॅम म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी नवख्याला छातीठोकपणे सांगतात. या सल्ल्याचा प्रस्तुत लेखकाला अजूनही राग येतो.

वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एका गच्चीवर ४० मीटर बँडचा घरगुती डायपोल चढला होता. परीक्षा, परवाना, व्हीयू-३ कॉलसाइन हे सगळं आधीच झालेलं. मधे उंच बांबू, दोन्ही टोकं पऱ्हाटीच्या धुऱ्यावरच्या बाभळींकडे उतरलेली. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते; ७.१ साठी वीस मीटरच्या जरा वर. पण घरच्या वायरिंगची पीव्हीसी तार वापरली आणि जमीनही जवळ असली, तर डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वांत कमी दिसतो ती वारंवारता, खाली घसरतो. इथं तो ६.९ च्याही खाली गेला. अशा वेळी तार कापू नये. टोक मागे दुमडून तिलाच घट्ट गुंडाळावं. आधी हातभर, मग बोटभर.

असं करत मीटरवर १.१ दिसला. टेबलामागची कोॲक्स केबल सरळ करायला हात लावला, तर १.५! सोडली की पुन्हा १.१. खिडकीच्या गजावरून केबल बाजूला घेतली, तर डिपच भलतीकडे.

डायपोलच्या दोन्ही भुजा सारख्या, कोॲक्स तशी नाही. तिच्या जाळीच्या बाहेरच्या अंगानं प्रवाह खोलीत उतरतो आणि केबलच अँटेनाची तिसरी भुजा होते. म्हणजे इतका वेळ तारेबरोबर खिडकी, गज आणि टेबलही ट्यून होत होतं! आणि नुसत्या १.१ ला भुलायचं तरी का? ५० ओहमचा डमी लोड जोडला तर मीटर त्याहून सुंदर आकडा दाखवतो, पण शेजारच्या गावातही आवाज पोचत नाही.

फेराइटच्या कड्यातून कोॲक्सचे वेढे घेऊन चोक केला आणि तो फीडपॉइंटलाच बसवला. आकडा १.७ वर गेला, पण हात लावून हलेना. एलईडी दिव्यांची, चार्जरची चरचरही बरीच उतरली. एरवी बँड इतका स्वच्छ फक्त भारनियमनात ऐकू यायचा. तार कापलेली नव्हती, म्हणून नव्यानं जुळवताना टोकं पुन्हा सोडता आली.

एसडब्ल्यूआर २ असला तरी ११ टक्केच शक्ती परत फिरते, १.५ ला अवघी ४. सात मेगाहर्ट्झवर, आखूड केबलमध्ये, त्यानं काही अडत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी संदेशवहनाला धावली होती. तशा प्रसंगी मिळेल त्या झाडाला तार बांधावी लागते. दशांशासाठी कोण थांबणार?

तरीही तो १.७ डोळ्यांत खुपत राहिला. टोकं आणखी खाली ओढून भुजांमधला कोन कमी केला. त्यानं डायपोलचा रोध ५० ओहमकडे येतो. १.३ दिसल्यावर मनापासून बरं वाटलं. पावसाळ्यात काळी जमीन भिजली की डिप पुन्हा सरकतो आणि बाभळीखाली जाऊन दुमड नव्यानं मोजावी लागते.