करडाचे कातडे

नालवाडी, वर्धा

चि. धाकट्या पुतण्यास,

चिरंजीवाने प्रश्न इसहाकाविषयी विचारला असला, तरी काकांची झोप उडाली ती पत्राच्या शेवटच्या ओळीने : हक्कसोडपत्रावर, म्हणजे शेतातला आपला हिस्सा सोडून देणाऱ्या दस्तावर, थोरल्या भावाने, दादाने, सांगितले म्हणून न वाचता सही केली. गोट्यांच्या उधारीचाही हिशेब ठेवणाऱ्या मुलाने!

बायबलातल्या ‘उत्पत्ती’च्या 27व्या अध्यायात दृष्टी गेलेल्या इसहाकाला आवाज धाकट्या मुलाचा, याकोबाचा, वाटतो, पण आई रिबकेने त्याला थोरल्या एसावाचे कपडे चढवून हातांना व मानेला करडांची कातडी गुंडाळलेली असल्याने हात मात्र एसावाचे लागतात. म्हणजे संशय आला होता, विचारपूसही झाली होती, आणि तरी बापाने कानापेक्षा हातावर भरवसा ठेवला. नालवाडीच्या चर्मालयातल्या, म्हणजे मेलेल्या ढोरांची कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या, कोणाही कारागिराची अशी फसगत झाली नसती, हे काकांचे म्हणणे घरात सर्वांना पाठ आहे. पुढे याच याकोबाला 7 वर्षांच्या चाकरीनंतर लग्नात राहेलच्या जागी तिची बहीण लेआ मिळते, आणि भाऊ योसेफाला रुप्याच्या 20 तुकड्यांना विकून त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून पोटची मुलेच याकोबापुढे ठेवतात; घरातला दगा प्रत्येक वेळी ओळखीच्या वस्त्रातच येतो.

मात्र चिरंजीवाने वाचलेला दिसत नाही तो 38वा अध्याय. तिथे विधवा सून तामार वेषांतर करून सासरा यहूदा याच्याकडून मुद्रा, दोरी आणि काठी ‘एराबोन’ म्हणून, म्हणजे तारण म्हणून, आधी मागून घेते, आणि तिला जाळण्याचा हुकूम सुटतो तेव्हा त्याच वस्तू तिचा जीव वाचवतात. योसेफाला विकण्याची कल्पना काढणारा हाच यहूदा पुढे धाकट्या भावासाठी, बन्यामीनासाठी, जामीन राहतो, आणि हिब्रूत जामीन राहणे व तारण हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. नात्यात तारण मागणे हा अविश्वास, ही समजूत कुठून आली कोण जाणे. नालवाडीच्या मुक्कामात कताईच्या मजुरीवर जगून पाहणारे विनोबासुद्धा सुताचा हिशेब काटेकोर ठेवत.

असो. दस्त नोंदणीकृत झाला की नाही, हे पत्रात नाही. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली असल्यास हरकतीला 15 दिवसच मिळतात. वहिनींना हे ठाऊक आहे काय? सही घेताना दादाचा आवाज कसा होता, तेवढे तरी चिरंजीवाने आठवून उलटटपाली लिहावे.