डाव्या हातातली कात्री

नाताळला तीन आठवडे उरले की आमच्या घरात कागदांचा पसारा मांडला जातो. पताका, साखळ्या, चांदण्या बाजारात आयत्या मिळतात. तरी गोठ्यापुरत्या त्या घरीच व्हाव्यात, असा आमचा हट्ट. गेल्या नाताळात साडेचार वर्षांचा नातू त्या पसाऱ्यात येऊन बसला आणि त्याने कात्री मागितली.

आमच्या लहानपणी कात्री ही मुलांच्या हाती देण्याची वस्तूच नव्हती. ती आईच्या शिवणयंत्राच्या खणात असे. कागदाला लावली तर धार जाते आणि रिकामी वाजवली तर घरात भांडण होते, अशी दुहेरी तंबी होती. वास्तविक जर्मनीत फ्रोबेलने आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले ते १८४० साली, आणि चिमुकल्या हातांसाठी त्याने जे उद्योग योजले त्यांत कागद कापणेही होते. ही दृष्टी आमच्या ओसरीपर्यंत पोहोचायला फारच वेळ लागला.

या उद्योगाचा आरंभ कात्रीने होत नाही. आधी वर्तमानपत्र चिमटीत धरून फाडू द्यावे. बोटांना बळ येते. मग बोथट टोकाची कात्री आणि जाड कागद. पतंगी कागद मऊ म्हणून मुलांना सोपा जाईल, असे आम्हांला वाटत असे. पण तो कापला न जाता पात्यांत दुमडतो. जुन्या लग्नपत्रिकेची बोटभर रुंद पट्टी काढून द्यावी. एका दाबात तुकडा पडतो आणि मूल खुलते. हे तुकडे खळीने पुठ्ठ्यावर चिकटवले की माशाचे खवले होतात. हिरव्या कागदाच्या कडेला चिरा देत गेले की गोठ्यातले गवत तयार. त्यानंतर सरळ रेघ, म्हणजेच साखळीच्या पट्ट्या. आणि सर्वांत शेवटी वेटोळे घातलेला साप. तेथे खरी मेख अशी की आंगठा वरच्या बाजूला ठेवायचा आणि कात्री न वळवता दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. (हा पोरखेळ समजू नये. चित्रकार मातीस १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर बसून रंगीत कागद कापत असे. फ्रान्समधील व्हान्स येथील रोझरीच्या चॅपेलमधल्या रंगीत काचांचे आराखडे त्याने असेच कागद कापून केले.)

नातवाची गाडी मात्र पहिल्याच पट्टीवर अडली. कागद मुडपायचा, तुकडा पडेना. तो डावखुरा. “नीट धर, लक्ष दे,” आम्ही दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज चढला. कात्री उलटी करून दिली, तरी तेच. तेव्हा स्वयंपाकघरातून आमची लेक म्हणाली, “डॅडी, तुम्ही मलाही असंच म्हणायचात. वर पट्टीही मारायचात.”

ती डावखुरी होती, हे आम्ही विसरलो नव्हतो. पट्टी मात्र सोयीस्करपणे विसरलो होतो. शाळेत तिच्या हस्तकलेच्या वहीवर ‘आळशी’ असा शेरा आला आणि आम्ही त्याखाली मुकाट्याने सही केली होती.

त्या रात्री आम्ही कात्री दिव्याखाली धरून पाहिली. उजव्या हातात आंगठ्याचा आणि बोटांचा दाब दोन्ही पाती एकमेकांवर आवळतो. डाव्या हातात तोच दाब त्यांना दूर लोटतो, आणि वरचे पाते नेमके रेघेच्या आड येते. कात्री उलटी केली तरी तिची ठेवण बदलत नाही. म्हणजे पोर कितीही लक्ष देवो, रेघ त्याला दिसणारच नव्हती. आमच्या लेकीलाही दिसली नव्हती.

डावखुऱ्यांसाठी पात्यांची जागा अदलाबदल केलेली कात्री मिळते. ती मागवली, एक लहान आणि एक मोठी. लहान कात्रीने नातवाने अर्ध्या तासात एका लग्नपत्रिकेचा फडशा पाडला. मोठी टेबलावर दोन दिवस तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक येऊन बसली, सोनेरी कागद ओढून घेतला आणि मान वर न करता चांदणीचे कोन कापू लागली. आम्ही शेजारी बसून खळ ढवळत राहिलो.